चंपारणच्या तीन शाळा

चंपारणचे नाव निघाले की मोतीहारीचे न्यायालय आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. तारीख १८ एप्रिल १९१७. जिल्हा सोडून जाण्याचा सरकारी हुकूम आपण विवेकबुद्धीला अनुसरून मोडला आहे, असे शांतपणे सांगणारे गांधीजी, काय करावे हे न सुचलेले मॅजिस्ट्रेट आणि बाहेर लोटलेला रयतेचा समुदाय. पुढे खटला काढून घेण्यात आला, चौकशी समिती बसली आणि १९१८ साली कायदा होऊन निळीच्या सक्तीच्या लागवडीचा शेवट झाला. शाळेतील इतिहासाचे प्रकरण येथेच आटोपते. विजय पदरात पडला की लेखणी खाली ठेवावी, अशी आपल्या इतिहासलेखनाची काहीशी रीतच आहे.

परंतु या प्रकरणास एक उत्तरार्ध आहे. १९१७ च्या नोव्हेंबर महिन्यापासून पुढे काही काळ चंपारणच्या खेड्यांत शाळा चालल्या, रोग्यांस औषधे दिली गेली, विहिरी उपसल्या गेल्या आणि रस्ते झाडले गेले. हे काम ज्यांनी केले, त्यांतील बरीच मंडळी मराठी होती. कोणी बेळगावहून आले, कोणी पुण्याहून, कोणी मुंबईहून. त्यांना तेथे ना नाते होते, ना नोकरी, ना भाषेचा आधार. वेतनही नव्हते. या उत्तरार्धात विजयाचा दिवस असा एकही नाही. किंबहुना ज्यांच्या प्रेरणेने हे काम झाले, त्या गांधीजींनीच आपली मूळ आशा फळास आली नाही असे पुढे खेदाने लिहून ठेवले. म्हणूनच या कामाचा वृत्तांत, परप्रांतात आयुष्याचा मोठा भाग घालविणाऱ्या आपणांसारख्यांनी, जरा थांबून पाहण्याजोगा आहे. आपणही जेथे जातो तेथे पाहुणेच असतो. आपल्यापैकी कित्येक जण वसाहतीशेजारच्या वस्तीत मुलांचे वर्ग चालवितात, कोणी आठवड्यातून एकदा मोफत दवाखान्यात बसतात, कोणी वाचनालयासाठी पुस्तके गोळा करीत हिंडतात. या उद्योगातील समाधान आणि वैताग ही दोन्ही आपल्या परिचयाची आहेत.

प्रथम त्या भूमीविषयी दोन शब्द. गंगेच्या उत्तरेस, नेपाळच्या तराईला टेकलेला हा जिल्हा. १९७२ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे मोतीहारी आणि पश्चिमेचे बेतिया. त्या काळी तेथील पुष्कळशी जमीन गोऱ्या मळेवाल्यांच्या ताब्यात ठेकेदारीने गेलेली होती. वीस कठ्ठ्यांचा एक बिघा. त्यातील तीन कठ्ठ्यांत रयतेने मळेवाल्यासाठी नीळ पेरलीच पाहिजे, असा दंडक होता. यावरूनच या पद्धतीस ‘तीनकठिया’ असे नाव पडले. जर्मनीत रासायनिक नीळ तयार होऊ लागल्यावर मळ्यांच्या निळीचा भाव कोसळला. तेव्हा नीळ न पेरण्याची मोकळीक देतो असे सांगून मळेवाल्यांनी कुठे सारा वाढवून घेतला, कुठे रोकड वसूल केली. वाढीव साऱ्यास ‘शरहबेशी’ व रोख वसुलीस ‘तावान’ म्हणत. राजकुमार शुक्ल हे याच जाचाने पोळलेले शेतकरी. १९१६ च्या लखनौ काँग्रेसपासून त्यांनी गांधीजींचा पिच्छा पुरविला आणि अखेर त्यांना चंपारणात आणून सोडले.

गांधीजींबरोबर जमले ते बिहारमधील नामांकित वकील: व्रजकिशोरप्रसाद, राजेंद्रप्रसाद, धरणीधर आणि त्यांचे सहकारी. आरंभी यांतील प्रत्येकाचा आचारी निराळा, गडी निराळा. रात्रीचे जेवण कधी कधी मध्यरात्री उरकावयाचे. पुढे एकच मुदपाकखाना ठरला, गडी परत गेले, आणि जबान्या लिहून घेणारे हे वकील आपली भांडी आपण घासू लागले. चंपारणच्या रयतेकडून एक पैसाही घ्यावयाचा नाही, असा गांधीजींचा कटाक्ष होता. जिल्ह्याबाहेरील स्नेह्यांनी पैसा पुरविला आणि एवढ्या मोठ्या चौकशीचा सारा खर्च तीन हजार रुपयांच्या वर गेला नाही.

चौकशी चालू असताना गावोगाव हिंडताना गांधीजींच्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. कायदा बदलला तरी ही माणसे बदलणार नव्हती. खेड्यांत शाळा नव्हत्या. मुले दिवसभर हुंदडत तरी असत, नाही तर चार पैशांसाठी निळीच्या शेतात राबत. गल्ल्या घाणीने भरलेल्या, विहिरींभोवती चिखल आणि दुर्गंधी. लहानथोर सर्वच त्वचेच्या रोगांनी पछाडलेले. अशा लोकांना उद्या न्याय मिळाला तरी तो टिकवून धरण्याची शक्ती त्यांच्या ठायी कोठून येणार? म्हणून सहा गावांत प्राथमिक शाळा काढण्याचे ठरले. शिक्षकांच्या राहण्याजेवणाची सोय गावाने करावी, बाकीचा खर्च आपण पाहू, असा करार ठरला. गावकऱ्यांजवळ रोख पैसा नव्हता. धान्य देण्याची मात्र त्यांची तयारी होती.

ज्यांचा तपशीलवार वृत्तांत उपलब्ध आहे अशा शाळा तीन. पहिली मोतीहारीच्या पूर्वेस बडहरवा लखनसेन येथे, दुसरी तराईच्या कडेला भितिहरवा येथे. या दोन्ही नोव्हेंबर १९१७ मधील. तिसरी मधुबन येथे, जानेवारी १९१८ मध्ये सुरू झाली. बडहरव्याच्या शाळेला गावातील एका सधन गृहस्थाने आपले घर दिले. भितिहरव्याची शाळा बांबू आणि गवत यांची होती. बारा वर्षांखालील मुलांना घ्यावयाचे, हिंदी किंवा उर्दू नीट शिकवावयाची, तिच्याद्वारे गणित, थोडा इतिहास, भूगोल व विज्ञानाची साधी तत्त्वे सांगावयाची, आणि हातास काहीतरी उद्योग द्यावयाचा, असा साधारण बेत जिल्ह्याच्या कलेक्टरांनाही कळविण्यात आला होता.

आता शिक्षक कोठून आणावयाचे? तुटपुंज्या पगारावर कोणी तरी नेमावा, हे गांधीजींना पसंत नव्हते. शिक्षकाची विद्या थोडी कमी असली तरी चालेल, परंतु त्याचे चारित्र्य बळकट हवे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी स्वयंसेवकांसाठी जाहीर विनंती केली आणि तिला महाराष्ट्रातून उत्तर आले. बेळगावहून गंगाधरराव देशपांडे यांनी बाबासाहेब सोमण व पुंडलीक कातगडे यांना पाठविले. सोमण हे वकील. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले व त्यांचे पती बबनराव आले. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. गुजरातेतून महादेव देसाई व नरहरी परीख आपापल्या पत्नींसह आले. आश्रमातून छोटेलाल, सुरेंद्रनाथ, देवदास आणि कस्तुरबा यांना बोलावून घेण्यात आले. वैद्यकीय मदतीसाठी गांधीजींनी भारत सेवक समाजाकडे मागणी केली, आणि समाजाने डॉ. हरी श्रीकृष्ण देव यांना सहा महिन्यांसाठी दिले.

या नामावळीत मराठी वाचकाने एक गोष्ट विशेषेकरून ध्यानी घ्यावी. गंगाधरराव देशपांडे हे लोकमान्यांचे कट्टर अनुयायी. त्यांनी पाठविलेली माणसे त्याच परंपरेतील. डॉ. देव हे नामदार गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेचे. सुरतेच्या १९०७ च्या अधिवेशनापासून जहाल आणि मवाळ यांच्यातून विस्तव जात नव्हता. १९१६ साली लखनौस समेट झाला खरा, परंतु मने कागदावरील समेटाइतक्या लवकर जुळत नाहीत. अशा वेळी चंपारणच्या एखाद्या खेड्यात टिळकपक्षाच्या घरातून आलेला वकील गोखल्यांच्या संस्थेतील डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध वाटीत होता आणि दोघेही एकाच गल्लीत खराटा चालवीत होते. गोखले व टिळक यांच्या नावाने पुण्यात जे भांडत राहिले, त्यांच्याविषयी पुस्तके निघाली. हे जे दोघे एकत्र झाडत राहिले, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहिले नाही. घरापासून दूर गेल्यावर घरचे भांडण किती लहान दिसते, याची प्रचीती आपल्यापैकी अनेकांना असेल. नसल्यास, ज्या मंडळांत दोन तट पडले आहेत त्यांच्या चालकांनी हा दाखला जरूर पाहावा.

भाषेची अडचण तर पहिल्याच दिवशी उभी राहिली. चंपारणची घरगुती बोली भोजपुरी. आपल्याकडे जशी मोडी होती तशी तिकडे व्यवहारात कैथी लिपी. अवंतिकाबाई व आनंदीबाई शिकलेल्या होत्या. परंतु दुर्गाबेन देसाई व मणिबेन परीख यांना बेताचे गुजराती येत होते, आणि कस्तुरबांना तेवढेही नाही. या बायकांनी हिंदी मुलांना काय शिकवावे? गांधीजींचे उत्तर असे होते की, व्याकरण आणि आकडेमोड यांपेक्षा स्वच्छता व चांगली वागणूक शिकविणे हे त्यांचे मुख्य काम; आणि अक्षरओळखीचे म्हणाल तर गुजराती, हिंदी व मराठी यांच्या अक्षरांत वाटते तितके अंतर नाही. या तर्कावर आपण हसू शकतो. पण फळ पाहिले तर हसू मावळते. कारण या स्त्रियांचे वर्ग सर्वांत चांगले चालले. अवंतिकाबाईंची शाळा तर नमुनेदार ठरली. त्यांच्यामुळेच गावातील बायकांपर्यंत पोहोचण्याची वाट काही अंशी मोकळी झाली.

औषधांचा पसारा अगदी लहान होता: एरंडेल, कोयनेल आणि गंधकाचे मलम. जीभ पांढरी दिसली किंवा पोट साफ नसले तर एरंडेल. ताप असला तर आधी एरंडेल, मग कोयनेल. खरूज व गळवे यांना स्वच्छ धुऊन मलम. रोग्याने औषध घरी न्यावयाचे नाही, तेथेच घ्यावयाचे. काही गुंतागुंत दिसली तर डॉ. देवांचा सल्ला; ते ठरलेल्या वारी प्रत्येक केंद्रास भेट देत. एवढ्याशा साधनांनी पुष्कळांना आराम पडला, आणि आराम पडलेल्या माणसाचा विश्वास बसावयास वेळ लागत नाही. सेवेतील सर्वांत सोपे समाधान हे असे औषधाचे असते. देणाऱ्यास फळ दिसते, घेणाऱ्यास गुण येतो, आणि दोघांनाही आपली सवय बदलावी लागत नाही.

सवय बदलण्याचा प्रश्न आला तो स्वच्छतेच्या कामात, आणि खरा वैताग तेथेच सुरू झाला. गल्ली झाडावयास कोणी पुढे येईना. जे दिवसभर शेतात घाम गाळीत, त्यांचीही स्वतःची घाण स्वतः काढण्याची तयारी नव्हती. हा आळस नव्हता. कोणते काम कोणत्या जातीचे, याचा निवाडा तेथे, जसा आपल्या खेड्यांत, पिढ्यान्‌पिढ्या झालेला होता. आणि खराटा हाती धरणे म्हणजे आपल्या पायरीवरून खाली उतरणे, असे भूमिहीन मजुरालाही वाटे. डॉ. देव सहजी हार जाणारे नव्हते. एखादे गाव तरी नमुन्यादाखल स्वच्छ करून दाखवावे, असे त्यांनी व स्वयंसेवकांनी मनावर घेतले. त्यांनी स्वतः रस्ते व अंगणे झाडली, विहिरी साफ केल्या, जवळची डबकी बुजविली आणि गावकऱ्यांनी आपल्यातून माणसे द्यावी म्हणून गोडीने समजावीत राहिले. काही गावांत लोक शरमेने कामास लागले. काही गावांत उत्साह असा की गांधीजींची मोटार यावी म्हणून लोकांनी रस्ताही तयार केला. आणि काही गावांत, हे तुमचे काम आम्हांस मुळीच रुचत नाही, असे लोकांनी तोंडावर सांगितले. तीनही उत्तरे एकाच जिल्ह्यातील, एकाच मोसमातील, त्याच माणसांना मिळालेली आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. ज्याने समाजसेवेस प्रारंभ केला आहे त्याने यांपैकी पहिल्या किंवा दुसऱ्या उत्तराने फुलून जाऊ नये आणि तिसऱ्याने खचूनही जाऊ नये.

आणखी एक उत्तर मिळाले. ते या तिन्हींहून निराळे होते. भितिहरव्याजवळच्या एका लहानशा वस्तीत काही बायकांची वस्त्रे फारच मळकी दिसली. त्या आपली लुगडी धूत का नाहीत, हे विचारण्यास गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले. त्यांतील एकीने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले आणि पाहावयास लावले. झोपडीत ना पेटी, ना कपाट, ना दुसरे वस्त्र. अंगावर होते तेवढे एकच लुगडे. ते धुवावे तर नेसावे काय? तुमच्या महात्माजींना सांगून दुसरे मिळवून द्या, मग रोज आंघोळ करीन आणि रोज धूतवस्त्र नेसेन, अशा अर्थाचे ती बोलली. गांधीजींनी पुढे लिहिले आहे की ही झोपडी अपवाद नव्हती; हिंदुस्थानातील कित्येक खेड्यांत हाच प्रकार आढळतो.

या प्रसंगाचे महत्त्व असे की, येथे शिक्षक विद्यार्थी झाला. बाहेरून आलेला मनुष्य पुष्कळदा उपदेशाचे गाठोडे घेऊन येतो, आणि ऐकणाऱ्याने तो मानला नाही की त्यास अज्ञानी ठरवून मोकळा होतो. अज्ञान असतेही, पण दारिद्र्य आणि अज्ञान यांचा चेहरा दुरून सारखाच दिसतो. झोपडीत पाऊल टाकल्यावाचून त्यांतील भेद कळत नाही. त्या बाईने कस्तुरबांना आत नेले, ही तिची थोरवी. आणि कस्तुरबा आत गेल्या, हे त्या सेवेचे यश.

या स्वयंसेवकांवर एक कडक बंधन होते, आणि सरकारी नोकरांस त्याचे मर्म चटकन कळेल. मळेवाल्यांविरुद्धच्या तक्रारी आणि राजकारण यांत त्यांनी मुळीच पडावयाचे नव्हते. कोणी गाऱ्हाणे घेऊन आले तर त्यास गांधीजींकडे धाडावयाचे, आपण आपला वर्ग व आपला खराटा सांभाळावयाचा. ज्या गावात रोज अन्याय डोळ्यांपुढे दिसतो, तेथे गप्प राहून मुलांच्या नाकातोंडाची स्वच्छता पाहणे, हे वकिलाची बुद्धी असलेल्या सोमणांसारख्यांना खचितच जड गेले असेल. परंतु या मंडळींनी ही शिस्त इतकी काटेकोरपणे पाळली की बेशिस्तीचा एकही प्रसंग गांधीजींना पुढे आठवला नाही.

एवढे करूनही संकट चुकले नाही. एके रात्री भितिहरव्याची गवताची शाळा जळून गेली. आग लावली गेली असा संशय होता. मळेवाल्यांच्या माणसांचे हे काम असावे असेही बोलले गेले, पण ते सिद्ध झालेले नाही. पुन्हा बांबू व गवत उभे करणे शहाणपणाचे नव्हते. शाळा सोमण आणि कस्तुरबा यांच्या ताब्यात होती. सोमणांनी पक्के घर बांधावयाचे ठरविले आणि स्वतः राबू लागले. त्यांचे कष्ट पाहून इतरांनी हात लावले, आणि थोड्याच दिवसांत विटांची इमारत उभी राहिली. ज्या गावात खराटा धरावयास माणूस मिळत नव्हता, तेथे विटा वाहावयास माणसे मिळाली. गावाला आपली शाळा जळाली असे वाटले, पाहुण्यांची नव्हे. या कामातील सर्वांत मोठे बक्षीस मला तरी हेच दिसते.

सोमणांच्या मागून पुंडलीक कातगडे यांनी भितिहरव्याचे काम पुढे चालविले. ते सुमारे वर्षभर तेथे राहिले. अखेरीस सरकारने त्यांना बिहारबाहेर जाण्यास भाग पाडले. परंतु त्यांचे मन चंपारणात इतके गुंतले होते की, पुढेही ते आपल्या जुन्या स्नेह्यांस भेटण्यासाठी अधूनमधून तिकडे जात राहिले. बेळगाव कोठे आणि तराई कोठे! सेवा संपल्यावर, हुकूमही विरुद्ध असता, केवळ भेटीसाठी एवढा प्रवास करणाऱ्या माणसास काय मिळाले होते, हे हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही.

आता हिशेबाची दुसरी बाजू. १९१८ च्या आरंभी अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा झगडा आणि खेड्याचा सत्याग्रह यांनी गांधीजींना गुजरातेत ओढून नेले. चंपारणच्या खेड्यांत आणखी बरीच वर्षे बसून हे काम पक्क्या पायावर उभे करावे, ही त्यांची इच्छा तशीच राहिली. याची कारणे त्यांनी ‘आत्मकथे’त स्पष्ट दिली आहेत: जे स्वयंसेवक आले ते ठरावीक मुदतीसाठी आले होते, बाहेरून आणखी मिळाले नाहीत, आणि खुद्द बिहारमधून कायमचे, बिनवेतन काम करणारे कोणी लाभले नाहीत. अर्थात् त्या काही महिन्यांच्या कामाचा ठसा कोणत्या ना कोणत्या रूपाने तेथे राहिला आहे, असेही ते पुढे म्हणतात.

या कबुलीचा विचार करताना चंपारणमधीलच आणखी एक प्रसंग आठवतो. खटल्याच्या दिवसांत दीनबंधू अँड्र्यूज तेथे आले होते. ते फिजी बेटांकडे निघाले होते. पण बिहारी मंडळींना वाटले की असा एक इंग्रज आपल्या बाजूला राहिला तर बरे. गांधीजींनी त्यांच्या मनातील खरे कारण ओळखले आणि सांगितले की, तुम्हांला इंग्रजाचा आधार हवा आहे, हीच तुमच्या मनाची दुर्बलता. म्हणून अँड्र्यूजांनी जावे हेच योग्य. अँड्र्यूज गेले आणि लढा बिहारी माणसांच्या बळावर उभा राहिला. बाहेरच्या माणसाच्या टेकूवर उभे राहू नये, हे तत्त्व लढ्यात पाळले गेले. शाळांच्या बाबतीत मात्र सगळा डोलारा बाहेरून आलेल्या माणसांवर होता, आणि ती गेल्यावर तो तोलून धरण्यास पुरेसे खांदे मिळाले नाहीत. एकाच गावी, एकाच नेत्याच्या हाताखाली, लढा यशस्वी झाला आणि सेवा अपुरी राहिली, याचे मर्म मला येथेच दिसते.

तर मग बाहेरून येणाऱ्याने यावेच कशाला? असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर चंपारणच्या गल्ल्यांनीच दिले आहे. गावातील मनुष्यास खराटा धरण्याची लाज वाटत होती; कारण त्याला त्याच गावात, त्याच जातभाईंत राहावयाचे होते. देव किंवा सोमण यांना ती भीती नव्हती. त्यांची पायरी त्या गावात ठरलेलीच नव्हती, मग ती घसरणार कशी? पाहुणा असणे हे त्यांचे सामर्थ्य होते. परंतु ज्या कारणाने ते प्रारंभ करू शकले, त्याच कारणाने ते शेवटपर्यंत राहू शकले नाहीत. पाहुणा पहिला खराटा उचलू शकतो. दुसरा उचलावयास गावकरीच लागतो. हे ज्याला उमगले त्याला अपयशाचे दुःख होईल, पण कडवटपणा येणार नाही.

आम्हां बदलीच्या नोकरीतील माणसांस हा धडा फार जवळचा आहे. प्रस्तुत लेखकाने तीन प्रांतांत नोकरी करताना वसाहतीतील वर्ग, वाचनालये आणि औषधपेट्या निघताना व बंद पडताना पाहिल्या. जेथे दोन-तीन कारकुनांनीच सर्व भार उचलला, तेथे बदलीचा हुकूम हाती पडला की तीन महिन्यांत कपाटाला कुलूप लागले. जेथे किल्ली पहिल्यापासून वस्तीतील एखाद्या तरुणाच्या हाती होती, तेथे काम कमी नेटके झाले, नोंदवही अस्ताव्यस्त राहिली, पण कपाट उघडे राहिले. आपल्याला नोंदवहीचा मोह फार! सगळे व्यवस्थित आपणच करावे, ही आपली सवय कचेरीत गुण ठरते, आणि वस्तीत नकळत दोष होऊन बसते.

दुसरीही एक गोष्ट या वृत्तांतात आहे. सेवा करणारा जेथून येतो, तेथेही ती परत जाते. अवंतिकाबाई गोखले यांचेच पाहा. त्या जन्मल्या इंदुरास, म्हणजे आपल्या भाषेत बृहन्महाराष्ट्रात. लग्नानंतर पतीच्या आग्रहाने शिकल्या आणि परिचारिकेचे शिक्षण त्यांनी घेतले. चंपारणहून परतल्यावर १९१८ साली त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी त्यांनी मराठीत गांधीजींचे चरित्र लिहिले आणि त्याला प्रस्तावना दिली खुद्द लोकमान्यांनी. १९४९ साली निधन होईपर्यंत त्यांचे आयुष्य सार्वजनिक कामात गेले. बडहरव्याच्या शाळेतून किती मुले शिकून निघाली हे सांगणे कठीण. परंतु त्या शाळेत जी शिक्षिका घडली, तिचा लाभ मुंबईच्या स्त्रियांना पुढे तीस वर्षे झाला.

आणि चंपारणचे काय? १९३९ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन बेतियाजवळच्या वृंदावन येथे भरले, आणि त्याच परिसरात मूलोद्योगी शिक्षणाच्या शाळांचा बिहारमधील प्रयोग चालला. बी पेरल्यानंतर वीसबावीस वर्षांनी त्याच शेतात तशाच जातीचे पीक दिसावे, याला निव्वळ योगायोग म्हणणे मला जड जाते. भितिहरव्याची जागा आश्रम म्हणून जतन करण्यात आली आहे. २०१७ साली चंपारण सत्याग्रहाची शताब्दी साजरी झाली तेव्हा तेथे पुष्कळ पाहुणे गेले. त्यांतील किती जणांना सोमण, देव, कातगडे, वैशंपायन ही नावे ठाऊक होती, कोण जाणे. त्या माणसांना त्याचे वाईट वाटले नसते. त्यांची मुदत सहा महिन्यांची किंवा वर्षाची होती. तेवढ्या मुदतीत त्यांनी एक शाळा जळालेली पाहिली आणि तीच विटांची झालेली पाहिली.

आपल्यापैकी जे कोणी आज परक्या गावात असा एखादा वर्ग चालवीत असतील, त्यांच्यापाशी मुदत याहून थोडी अधिक असते. साधारणपणे तीन वर्षे. तेवढ्यात किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, त्याचा शोध पहिल्याच महिन्यात सुरू करावा.